विहिरीजवळचा ढीग

ती रडत नव्हती. दूध पिऊन झाल्यावर तिनं मान टाकली होती आणि आता तिचे ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. नखंही तशीच. मांजरी गावच्या रेल्वे फाटकापाशी आमची रिक्षा अडकली होती, मालगाडीचे डबे संपत नव्हते, आणि मी तिच्या तळपायाला टिचक्या मारत होते. टिचकी मारली की मूल रडतं, हे मला माझ्या सासूनं शिकवलेलं. ती रडली नाही. शेजारी माझी सून स्नेहल बसली होती. तिच्या मांडीवर दुसरं बाळ, आरव. तो गुलाबी होता आणि भुकेनं किंचाळत होता. जुळी भावंडं एका रिक्षात. एकाला गप्प करता येईना आणि एकीला रडवता येईना.

"आई, ती श्वास घेतेय ना?" स्नेहल विचारत होती. परत परत तेच.

"घेतेय," मी म्हणत होते. खोटं नव्हतं. छाती हलत होती. पण आत गेलेला श्वास तिच्या काही कामाला येत नव्हता, हे मला दिसत होतं. आरोही तिचं नाव. तीन महिन्यांची होती. फाटक उघडलं तशी रिक्षावाल्यानं रिक्षा हडपसरच्या दिशेनं पळवली.

भाद्रपद संपत आला की आमच्या रस्त्यावरून अजून कोंबडीखताचे ट्रक जातात. वाघोलीकडून येतात, त्याच्याही पलीकडच्या गावांतल्या शेडमधून. श्रावणात आणि नवरात्रात लोक कोंबडी खात नाहीत, म्हणून शेडवाले तेव्हा पक्षी काढून टाकतात आणि खालचं सगळं खरवडून विकतात. भाताचं तूस, विष्ठा, सांडलेलं खाद्य, पिसं. ट्रकवर ताडपत्री असते, पण ताडपत्री वास अडवत नाही. कोंबडीखताचा वास आधी डोळ्यांना कळतो, मग नाकाला. डोळे चुरचुरायला लागले की समजायचं, ट्रक वळणावर आलाय.

परवा तसा एक गेला. मी अंगणात शेंगा फोडत होते. डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई चालायला निघाली होती. थांबून म्हणाली, "काय झालं आजी, रडताय का?" मी म्हटलं, "खत गेलं." तिला काही कळलं नाही. ती चालायला गेली.

आमच्या रानात शेणखत पूर्वीपासून होतं. कोंबडीखत माझ्या नवऱ्यानं आणलं, गुरं कमी झाली तेव्हा. पहिल्या वर्षी ताजंच विसकटलं आणि वर ज्वारी पेरली. उगवलेली ज्वारी टोकाकडून पिवळी पडत गेली आणि वाळली, कुणी वरून विस्तव फिरवल्यासारखी. तेव्हापासून हे म्हणायचे, "शेणखत म्हंजे ताक आणि कोंबडीखत म्हंजे दारू. बेतानंच द्यायची." मग ते खत आधी कुजवायला लागले. ढीग लावायचा, पाणी मारायचं, वरखाली करायचं. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि थोड्या वेळानं उपसून हाताला लावून बघायची. सळई हात ठेववत नाही इतकी तापायची. थंडीच्या सकाळी ढिगातून वाफ निघायची आणि त्याच्या उबेला कुत्री येऊन झोपायची. सळई गार लागली की खत तयार. मग बायका पदर नाकाला बांधून पाट्या भरायच्या, मी पण भरायचे, आणि संध्याकाळी केसांतून पिसं निघायची.

त्या खतावर आलेला गहू मी विसरणार नाही. हिरवा म्हणवत नव्हता, काळाच दिसायचा. शेजारचे शेतकरी बांधावर थांबून बघायचे आणि काही न बोलता जायचे. काही न बोलता गेले म्हणजे गहू चांगला आहे.

मग भोवतीनं बिल्डिंगी आल्या. आधी पलीकडचा मळा गेला, मग त्याच्या शेजारचा. एक दिवस आमच्या बांधाला लागून कुंपणाची भिंत उभी राहिली आणि तिच्यावरून बाल्कन्या दिसायला लागल्या. आमचा खताचा ढीग जुन्या काळापासून त्याच बांधाला होता, चिंचेखाली. म्हणजे आता तो लोकांच्या खिडकीखाली आला.

तक्रार घेऊन एक पेन्शनर गृहस्थ यायचे. शहरातून राहायला आलेले, शर्ट इस्त्रीचा, बोलणं मऊ आणि टोकदार. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "आजोबा, आपल्या खताचा सुवास आमच्या देवघरापर्यंत येतो."

हे म्हणाले, "देवाची काय तक्रार हाय का?"

"देवाची नाही. देव बोलत नाही म्हणून तर मी आलो."

दोघंही हसले. मी चहा ठेवला. त्यांनी घेतला. पुढच्या वेळी येताना त्यांनी कागदाची पुडी आणली. आत पिसं. "आमच्या तुळशीत सापडली. मोराची असती तर ठेवून घेतली असती. आपली आहेत, आपणच ठेवा."

ते गेल्यावर सतीश, माझा मुलगा, चिडला. "आपण इथं आधीपासून आहोत. त्यांनी घर घेताना बघायला पाहिजे होतं."

हे म्हणाले, "जन्माची कमाई घालून घरं घेतलीत त्यांनी. लहान पोरं हायेत तिथं. आपला वास आपण सोसावा."

आणि ढीग हलवला. विहिरीजवळ आणला. तिथं ट्रकला वळायला जागा होती, वारा आमच्या घराकडे यायचा, लोकांकडे जायचा नाही, आणि ढिगावर मारायला पाणी हाताशी. सगळ्या बाजूंनी सोयीचं होतं. सोसायटीतल्या कुणीतरी दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला.

विहीर चांगली बांधलेली होती. कठडा होता, वरचं पाणी आत जात नव्हतं. पण खालून जमीन काय करते, हे कोण बघतं? आम्ही ढिगावर पाणी मारत होतो. वरून पाऊस मारत होता. ढिगातला कस जमिनीत उतरत होता आणि विहीर तिथून दहा पावलांवर भरत होती. पाणी काचेसारखं होतं. वास नाही, चव नाही. सगळी आळी त्या पाण्याला गोड म्हणायची.

आषाढात स्नेहलला जुळं झालं. आधी मुलगी, मागून मुलगा. मुलगी आली तीच ओरडत. मुलगा इतकासा, कातडी सैल, रडणं मांजरीच्या पिल्लाएवढं. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला आईचंच दूध द्या, डब्याचं दूध त्याला पचणार नाही. स्नेहलचं दूध एकाला पुरायचं. म्हणून तो तिच्या अंगावर राहिला आणि आरोही माझ्याकडे आली, डब्याच्या दुधावर.

मी तिला दांडगी म्हणायचे. बाटली दिसली की पाय झाडायची. दूध संपलं तरी निपल सोडायची नाही, ओढून काढावं लागायचं, आणि मग माझ्याकडे असं बघायची की मी तिचं काही लुबाडलंय. मला वाटायचं, ही माझ्यावर गेली आहे. पोट भरलं की झोपायची, ते पण मूठ वळून. तिच्या टाळूला पावडरच्या दुधाचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा.

दूध कशात कालवायचं, यावर स्नेहलनं पुष्कळ विचार केला होता. ती हडपसरला कंप्युटरच्या कंपनीत कामाला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. नळाचं पाणी पावसाळ्यात मातकट यायचं. तिनं एका पेल्यात नळाचं घेतलं, एका पेल्यात विहिरीचं, आणि दोन्ही उजेडाला धरून बघितलं. विहिरीचं निवडलं. मीही तेच निवडलं असतं. म्हणाली, "आई, पण उकळून हं. चांगलं खळखळून."

"उकळते की. आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?"

"वाढवलीत हो. पण उकळा."

मी उकळायचे. सून सांगते त्याहून जास्त उकळायचे. पातेलं अर्ध्यावर येईपर्यंत ठेवायचे. मला वाटायचं, जितकं आटेल तितकं शुद्ध.

माझ्या माहेरी गुऱ्हाळ होतं. लहानपणी मी काहिलीशेजारी बसून रस आटताना बघितलाय. रस आटला की गोडी उडून जात नाही, घट्ट होते. त्याचाच गूळ होतो. हे मला पोटातून माहीत होतं. पण पाण्याबद्दल तसं कधी मनात आलं नाही. पाण्यात काही विरघळलेलं असेल आणि ते आटवल्यानं वाढेल, हे कुणाच्या मनात येतं?

हस्ताचा पाऊस त्या साली फार पडला. ढिगाखालून चहाच्या रंगाचं पाणी निघायचं आणि तिथंच मुरायचं. विहीर हात घालता येईल इतकी वर आली. आम्हाला बरं वाटलं. दसऱ्यानंतर आरोहीच्या ओठांभोवती निळसर झाक दिसायला लागली. मी म्हटलं, गारठा आहे. तिला टोपरं घातलं. शेजारची म्हणाली, दृष्ट लागली असेल, अशी गुटगुटीत पोर चारचौघांत मिरवता. मीठमिरच्या ओवाळल्या. जवळच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी छाती तपासली, छातीत काही नव्हतं. ती दूध प्यायची कमी झाली. मी जास्त पाजायला लागले.

मग ती सकाळ. मग ते फाटक.

मोठ्या दवाखान्यात तिच्या तोंडावर प्राणवायू लावला. कुणालाही वाटेल, आता रंग येईल. आला नाही. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातातून रक्त काढलं. मी बघत होते. ते लाल नव्हतं, कोऱ्या चहासारखं होतं. डॉक्टरीणबाईंनी ती नळी उजेडाला धरली, जशी स्नेहलनं पेले धरले होते, आणि मला विचारलं, "आजी, दूध कशात कालवता?"

"पाण्यात. उकळलेल्या."

"पाणी कुठलं?"

"विहिरीचं."

"विहिरीजवळ काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, लगेच उघडले आणि धावत बाहेर गेल्या. त्यावर औषध होतं. ते तिथं नव्हतं, दुसऱ्या दवाखान्यातून आणायचं होतं. सतीश मोटारसायकलवर गेला. औषध निळ्या रंगाचं असतं, हे मला तो घेऊन आला तेव्हा कळलं. छोटी निळी कुपी त्याच्या मुठीत होती. त्याला आत जायचं होतं आणि डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मी आत होते. तिची मूठ उघडली होती.

पुढं पाणी तपासायला एक माणूस बाटल्या घेऊन आला, आणि काही दिवसांनी निकाल सांगायला पुन्हा आला. त्यानं एक इंग्रजी नाव सांगितलं. हे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मराठीत सांगा."

"नत्र, बाबा. त्याचंच एक रूप."

"नत्र म्हंजे आमच्या गव्हाला लागतं ते?"

"तेच. गव्हाला लागतं. मोठ्या माणसाला इतक्यानं काही होत नाही. तान्ह्या बाळाला सोसत नाही, त्याच्या रक्तातून प्राणवायू फिरेनासा होतो."

"उकळल्यावर मरत न्हाई ते?"

"जंतू नाही ना ते. मरायला जिवंत असावं लागतं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या माणसाला माझ्या पातेल्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. स्नेहलनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

हे जन्मभर नत्र, नत्र करत आले होते. पीक पिवळं पडलं की पहिला शब्द तोच. त्या दिवसानंतर मी तो त्यांच्या तोंडून ऐकला नाही. अजूनही ते पिकाकडे बघतात आणि म्हणतात, "ह्याला ते कमी पडलंय." सतीशला कळतं.

दिवाळी सुतकात आली. आमच्याकडे उकिरडा म्हणजे लक्ष्मी, दिवाळीत त्याच्यावर पणती ठेवायची असते. कोंबडीखताच्या ढिगावर पिसं पेटू नयेत म्हणून मी मातीचं ढेकूळ खाली घेऊन पणती ठेवायचे. त्या वर्षी आम्ही दारातही दिवा लावला नाही. पण खुरपायला येणाऱ्या बाईनं दिवेलागणीला सवयीनं ढिगावर पणती ठेवली. तिच्या मनात काही नव्हतं. मी घरातून बघितलं, विहिरीशेजारी तो ढीग वाफाळत होता आणि वर ज्योत सरळ उभी होती. जाऊन विझवावी असं वाटलं. उठवलं नाही. तेल संपेपर्यंत जळली.

पेन्शनर गृहस्थ येऊन बसले. मग म्हणाले, "आम्ही तक्रार केली नसती तर ढीग तिथंच राहिला असता."

हे म्हणाले, "तुम्ही वासाचं बोलला. वास खरा होता."

तरी ते उठेनात. मी चहा केला नाही, सुतक होतं. शेवटी मीच म्हटलं, "घरी जा हो. तुमच्यामुळे झालं असतं तर बरं होतं, शिव्या तरी घातल्या असत्या." ते गेले.

तो ढीग ह्यांनी आणि सतीशनं मिळून उचलला. रानात पसरला, नांगरला, गहू पेरला. दुसरं काय करायचं होतं? जमिनीवर तसाच पडू दिला असता तरी झिरपलाच असता. गहू आला. एवढा गहू आमच्या रानात त्याच्याआधी कधी आला नव्हता. काळाशार, गुडघ्याच्या वर, लोंब्या बोटभर. लोक बांधावर थांबले आणि काही न बोलता गेले. तो गहू आम्ही खाल्ला. पोळ्या चांगल्या व्हायच्या. कुणी म्हणेल, घास कसा उतरला. उतरतो. सकाळी कामावर जाणाऱ्याला डबा लागतो.

मला जी गोष्ट गिळता आलेली नाही ती वेगळीच आहे. सुतकात भेटायला बायका जमल्या होत्या. त्यांच्यातली एक दुसरीला सांगत होती, मला ऐकू जाईल इतक्या हळू, "मुलगा अंगावर आणि मुलगी बाटलीवर. आणखी काय सांगायचं?" आणि दुसऱ्या एकीनं जाताना माझा हात धरला, म्हणाली, "मुलगा वाचला, हे काय थोडं आहे?" पहिली मला नावं ठेवत होती, दुसरी समजूत घालत होती. बोलत दोघी एकच होत्या.

तो अशक्त होता म्हणून अंगावर होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे खरं आहे. पण अशक्त ती असती आणि दांडगा तो असता, तर आम्ही तिला आईपाशी ठेवून त्याला बाटलीवर टाकलं असतं का? मी स्वतःला विचारून बघितलंय. स्नेहल म्हणते, हो, ठेवलं असतं. सतीश म्हणतो, आई, असलं काहीतरी बोलू नकोस. मी माझ्या सासूच्या हाताखाली वाढलेली बाई आहे. मला उत्तर माहीत नाही.

स्नेहल कामावर परत गेली. आम्ही दोघी फारसं बोलत नाही त्याबद्दल. एकदा भांडी लावताना म्हणाली, "उकळा असं मीच सांगितलं होतं ना."

"तू उकळा म्हणालीस. आटवलं मी."

"नका, आई."

मग आम्ही भांडी लावली.

आता नळाला पाणी येतं. विहिरीवर जाळी आहे, तिचं पाणी फक्त रानाला. थोडं रान राहिलंय, तेही किती दिवस राहील माहीत नाही. दोन वर्षं कोंबडीखत बंद ठेवलं होतं, मग सतीशनं परत सुरू केलं. मला विचारायला आला. मी म्हटलं, "आण. खताचा काय दोष?" ढीग आता दूर खडकावर असतो, खाली जाड प्लॅस्टिक, वर प्लॅस्टिक, आणि पाणी त्यावर बेतानं. पेन्शनर गृहस्थांच्या घरापर्यंत वास जातो. ते काही म्हणत नाहीत.

आरव शाळेत जातो. काटकुळा आहे, पण पळतो. थंडीत कुडकुडत आंघोळ करून आला की मी त्याची नखं बघते. तो हात मागे ओढतो. म्हणतो, "आजी, कापलीत कालच." त्याला माहीत आहे, एक बहीण होती. कशी दिसायची, विचारतो. मी सांगते, तुझ्या दुप्पट होती. त्याला ते पटत नाही.

त्या हंगामात त्या विहिरीचं पाणी आम्ही सगळेच प्यायलो. हे प्यायले, मी प्यायले, सतीश प्यायला. खुरपायला येणाऱ्या बायका प्यायल्या. गाय प्यायली. स्नेहल तर तांब्याच्या तांब्या प्यायली, दूध यावं म्हणून, आणि तिच्या अंगातून गाळून ते आरवच्या पोटात गेलं. आम्हाला कुणाला साधी उलटीही झाली नाही. आम्ही सगळे जगलो.